परवानगीशिवाय दार उघडू नये

आमच्या इमारतीच्या नियमावलीत वाचनालयासंबंधी एकच कलम आहे, आणि ते वाचनालय बंद कसे करावे याबद्दल आहे. सलग तीन मासिक चर्चांना पंधरापेक्षा कमी रहिवासी हजर राहिले, तर 'सदर खोली अन्य उपयोगासाठी मोकळी समजावी'. हे कलम कुणी घातले ते मला ठाऊक नाही. मीच घातले असे काही जण म्हणतात. वीस वर्षांपूर्वीचा मसुदा माझ्या हस्ताक्षरात आहे हे खरे. पण दुसऱ्याने सांगितलेले सुवाच्य अक्षरात उतरवून देणे, एवढाच माझा सार्वजनिक कार्यातला वाटा.

पहिल्या महिन्यात 'आत्मचरित्रांतील सत्य' या विषयाला पाच जण आले. दुसऱ्या महिन्यात 'कोशवाङ्मयाची गोडी' ठेवला. तीन जण आले. एक मी, एक आमच्या सौ., आणि तिसरे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत टेकले होते. लिफ्ट माझ्या प्रास्ताविकाच्या आधीच दुरुस्त झाली.

दुसऱ्याच दिवशी चेअरमन मोजपट्टी घेऊन आले. चेअरमन हे व्यायामाचे भोक्ते. जिनासुद्धा ते एक पायरी सोडून चढतात आणि वर पोचल्यावर स्वतःची नाडी पाहतात. त्यांनी खोलीची लांबी घेतली आणि म्हणाले, "पळायचं यंत्र इथं बरोबर बसतं. तुमचं ते चरित्रांचं कपाट काढलं की सायकलही बसेल. काका, जरा टोक धरा ना."

मी टोक धरले. स्वतःच्या वाचनालयाचे माप घेताना मोजपट्टीचे टोक धरून उभा राहणारा ग्रंथपाल इतिहासात दुसरा झाला असेल, असे मला वाटत नाही. पण नाही कसे म्हणायचे हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीत जमले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मुले उशिरा पुस्तके आणून देत, तेव्हा खाली मान मीच घालत असे.

तिसऱ्या चर्चेचा फलक रंगवत मी घरात बसलो होतो. विषय सुचत नव्हता, म्हणून नुसतीच किनार काढत होतो. तेवढ्यात जिन्यात भांडण ऐकू आले. एक आवाज आमच्या सूनबाईचा, दुसरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा. लिफ्ट पुन्हा बंद पडली होती.

"मॅडम, संपवला मी तो तुमचा खेळ. आठ तासांत! बोगद्यात शिरलो आणि बोगद्यातून निघालो. डावीकडे वळावं तर भिंत, उजवीकडे वळावं तर भिंत. खेळ आहे की रांग?"

"रस्ता एकच आहे, म्हणूनच तर बनवणाऱ्यानं पावलापावलावर काहीतरी मांडून ठेवलंय. तुमच्या त्या मोकळ्या रानाच्या खेळात काय असतं? तीन डोंगर चढायचे, आणि वर एक गाठोडं."

"पण कुठला डोंगर चढायचा ते माझं मी ठरवतो ना? मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असतो. वर, नाहीतर खाली. घरी जाऊनही तेच करू?"

"आणि मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. एका दाढेवर एक तास. घाई केली की शेजारचा दात निघतो."

आमची सूनबाई दातांची डॉक्टर आहे. ती खेळ खेळते हे मला माहीत होते, पण ते पत्त्यांसारखे काहीतरी असावे अशी माझी समजूत होती. जरा हळू बोला, असे सांगायला मी बाहेर गेलो आणि अर्थातच न सांगता तसाच उभा राहिलो. जिन्यात माणसे थांबली होती. कुणी भाजीची पिशवी कठड्यावर टेकवली होती, कुणी पायरीवर बसले होते. "बंदुकीचं काय? नेम लागत नाही त्यात!" असे एक जण म्हणाला. "नेम लागत नाही म्हणूनच भीती वाटते," असे वरच्या मजल्यावरून उत्तर आले. लिफ्ट सुरू झाली, दार उघडून उभी राहिली, पण कुणी आत गेले नाही. मी सवयीने डोकी मोजली. एकोणीस.

एकोणीस! वाचनालयाच्या स्थापनेच्या दिवशीही सतराच होते.

रात्रीच्या जेवणापर्यंत मी धीर गोळा केला आणि सूनबाईला म्हटले, "अगं, ते जिन्यातलं भांडण वाचनालयात करशील का?"

"बाबा, तुम्हाला कळलं तरी का आम्ही कशावर भांडत होतो?"

कळले नव्हते. तिने समजावले. जमिनीखाली मिठाची एक जुनी खाण आहे. वर काहीतरी भयंकर झाले आहे, म्हणून माणसे खाणीत राहतात. आपण त्यांतलेच एक. एक कंदील आणि एक बंदूक घेऊन खालून वर उजेडापर्यंत जायचे. आपण स्वतःला दिसत नाही, फक्त आपले हात दिसतात. वाटेत अंधार, ठिबकणारे पाणी, आपलाच श्वास, आणि अंगावर येणारी काही जनावरे, ज्यांना गोळी घालावी लागते. खेळाला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण खेळणारे सगळे त्याला नुसते 'खाण' म्हणतात. काहींच्या मते असा जिवंत अंधार दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. काहींच्या मते ती एक लांबलचक मोरी आहे.

आता परवानगी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. त्यांना सगळे मागे 'पोटकलम' म्हणतात. काही जण पुढेही म्हणतात. ते रागावत नाहीत, फक्त कुठले ते विचारतात. चर्चेचा विषय 'ग्रंथ अथवा तत्सम' असावा, अशी त्याच एका कलमाखालची टीप त्यांनी काढून दाखवली आणि 'तत्सम'वर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिले.

"यात मजकूर आहे," मी म्हणालो. "भिंतींवर सूचना असतात, टेबलांवर पत्रं पडलेली असतात म्हणे."

"मग अर्ज भरा. छापील."

अर्जात लेखकाचे नाव विचारले होते. सूनबाईने सांगितले की शेवटी दोनशे बारा नावे सरकत जातात. ती पुरवणीला जोडली. पृष्ठसंख्या: आठ तास. बांधणी: मी विचारात पडलो, तर सूनबाई म्हणाली, "घट्ट. लिहा बिनधास्त." तो अर्ज परत आला, कारण अर्जदार आणि शिफारस करणारा या दोन्ही ठिकाणी माझीच सही होती. दुसरा परत आला, कारण शिफारस सौ.ची होती आणि नातेवाइकांची चालत नाही. तिसऱ्यावर मी लिफ्टवाल्याची सही घेतली. तो रहिवासी नाही. पण इमारतीत सर्वांत जास्त वेळ तोच असतो, हे पोटकलमांना मान्य करावे लागले.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचे सगळे टळले असते. पण अध्यक्षपद माझ्याकडे होते, आणि जे वाचलेले नाही त्याच्या चर्चेचे अध्यक्षस्थान भूषवू नये, असे माझे एक तत्त्व आहे. माझ्याकडे तत्त्वे फार नाहीत. हे एकच आहे, म्हणून जपावे लागते.

"म्हणजे तुम्ही तो खेळ खेळणार?" सौ. म्हणाल्या. "अहो, शेगडी पेटवताना दचकता तुम्ही. बंदूक चालवणार?"

"वाचण्यापुरतीच."

सूनबाईने तिचे यंत्र वाचनालयात आणून लावले, डाव्या हाताची बोटे कुठल्या बटणांवर ठेवायची ते दाखवले, उजव्या हातात माउस दिला आणि ती दवाखान्यात गेली. सभेला बारा दिवस उरले होते.

पहिला दिवस मी छत पाहण्यात घालवला. माउस जरा हलला की मान वर जाई आणि तिथेच राही. छताचे मीठ फार बारकाईने काढलेले आहे, हे मी अधिकाराने सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी मान खाली आली, पण मग डोके गरगरू लागले. मला बसायला फिरती खुर्ची दिली होती. डावीकडे वळायचे असले की मी खुर्चीसकट वळे, आणि पडदा होता तिथेच राही. असे दोनदा झाल्यावर तिसऱ्यांदा मी खुर्चीसकट चरित्रांच्या कपाटात गेलो.

बातमी पसरली. सल्ले येऊ लागले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "गरगरतं तर पायांकडे बघून चालायचं." मी पाहिले, तर खेळात मला पायच नव्हते. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, आले चघळा. त्यांच्या भाच्याने सांगितले, आले नको, एक डोळा मिटा. मी आले चघळत, एक डोळा मिटून, खुर्चीचा हात घट्ट धरून खाणीत उभा असताना चेअरमन खिडकीतून डोकावले, काही क्षण पाहत राहिले आणि न बोलता निघून गेले. माणसाने आपल्याला टाकून बोलावे, पण असे पाहून जाऊ नये.

ज्या जागी खेळ सुरू होतो ती खाणीतली स्वयंपाकाची खोली आहे. एक म्हातारी सलगमे सोलत बसलेली असते. दोन पहारेकरी बुद्धिबळावरून वाद घालतात. एक माणूस बूट शिवतो. आपण जवळ जाऊन उभे राहिले की ते बोलत राहतात. मला हे फार आवडले. आयुष्यभर मी असाच उभा राहिलो आहे. इतकी वर्षे वाटे की हा दोष आहे. इथे तो खेळाचा भाग होता.

चौथ्या दिवशी बटण चुकले आणि बंदूक उडाली. म्हातारीच्या भांड्याला भोक पडले. ती किंचाळली, पहारेकऱ्यांनी माझ्यावर बंदुका रोखल्या, मी मोठ्याने "अहो माफ करा, माफ करा!" म्हणालो आणि पडदा काळा झाला. माझ्या कानांच्या मानाने आवाज मोठा ठेवला होता आणि खिडकी उघडी होती. अंगणात चेअरमन उठाबशा काढत होते. ते धावत आले.

संध्याकाळी पोटकलमांकडून लेखी विचारणा आली: 'दि. चार रोजी वाचनालयात गोळीबार झाल्याची तक्रार प्राप्त. खोलीत 'शांतता राखा' असा फलक आपल्याच हस्ताक्षरात असता असे का घडले, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात एका जागी 'भांडे काल्पनिक होते' असे वाक्य आहे. ते लिहिताना आपण वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कुठे येऊन पोचलो, असे वाटल्याशिवाय राहिले नाही.

मग मी बंदुकीच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि खेळात रमलो. भिंतीवरची प्रत्येक सूचना वाचली. रेशनचा तक्ता उतरवून घेतला. बुद्धिबळाचा डाव कागदावर मांडून पाहिला; दुसऱ्या पहारेकऱ्याचे बरोबर होते. वहीची चौसष्ट पाने भरली. सभेच्या आदल्या दिवशी मी सौ.ना म्हणालो, "पुस्तक हातावेगळं झालं."

"मारलंत का कुणाला?"

"वेळच आली नाही."

सभेला त्रेचाळीस माणसे आली. वाचनालयात खुर्च्या अठरा. उरलेले विश्वकोशाच्या खंडांवर बसले. मी हरकत घेणार होतो, पण मग वाटले, इतक्या वर्षांत त्या खंडांचा कुणी प्रथमच उपयोग करत आहे. बरेच जण लिफ्टवाल्याचे मित्र होते आणि त्याच्याच बाजूने बसले होते. चेअरमन दाराशी हाताची घडी घालून उभे होते. पोटकलम नोंदवही घेऊन पहिल्या रांगेत.

लिफ्टवाल्याने सुरुवात केली. "एकदा संपवला की पुन्हा खेळायला काही उरत नाही. तोच बोगदा, तीच जनावरं, त्याच वळणावर तीच उडी मारतात. दुसऱ्या खेपेला मी त्यांची वाट बघत बसलो होतो. खेळानं माणसाला निवड दिली पाहिजे. नाहीतर सिनेमा काय वाईट? तिथं हात तरी मोकळे राहतात."

"मोकळे हात घेऊन करायचंय काय?" सूनबाई म्हणाली. "कंदिलाचं तेल संपत आलेलं असतं तेव्हा तुम्ही काय करता, सांगा. थांबता ना? भिंतीला टेकून श्वास धरता ना? तिथं चार रस्ते असते तर तुम्ही पळाला असता. एकच रस्ता आहे, म्हणून भीती."

"भीती नाही, कंटाळा!"

"अरे, कंटाळा काय? तो खाणीतला तिसऱ्या मजल्यावरचा पूर आठव!" मागून कुणीतरी ओरडले. हा त्याचाच मित्र निघाला. फूट पडली. बंदुकांचा नेम, तेलाची टंचाई, जनावरांची अक्कल, एकेका मुद्द्यावर माणसे खंडांवरून उठून उभी राहत होती. मला थोडा हेवा वाटला. आत्मचरित्रांतील सत्यासाठी कुणी बसल्या जागी हललेही नव्हते.

शेवटी अध्यक्षीय समारोप. मी वही उघडली. विषय आवडीचा असल्यामुळे बोलत गेलो. म्हटले, "या कलाकृतीचं बळ तिच्या संयमात आहे. एक खोली, चार माणसं, एक बंद लोखंडी दार. बाहेर जाण्याची ओढ आहे, पण बाहेर जाणं नाही. दारापलीकडे काय आहे, हे लेखकानं शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. आणि जनावरांचा उल्लेख सर्व वक्त्यांनी केला, ती बहुधा प्रतीकात्मक असावीत."

सभा इतकी शांत झाली की 'शांतता राखा' या फलकाचे सार्थक झाले.

"काका," लिफ्टवाला हळूच म्हणाला, "तुम्ही त्या दारातून बाहेर गेलाच नाहीत?"

"दारावर पाटी होती. 'परवानगीशिवाय दार उघडू नये.' मी परवानगीची वाट पाहिली."

"बाबा, ते दार ढकलायचं असतं!" सूनबाईने कपाळाला हात लावला. "त्या दारापासूनच खेळ सुरू होतो. पाटी नुसती सजावटीला आहे."

"पाळायची नव्हती तर लिहिली कशाला?"

यावर जो हशा झाला, तो मी कानांनी न ऐकता तळव्यांनी ऐकला; टेबल हादरत होते. मी बसलो. चष्मा पुसू लागलो. तो स्वच्छच होता. सौ. मागच्या रांगेतून म्हणाल्या, "हसायला काय झालं? पाट्या पाळणारं माणूस घरी असलं की कळेल," आणि हे माझ्या बाजूचे होते की विरुद्ध, ते अजून उलगडलेले नाही.

हसू ओसरल्यावर लिफ्टवाल्याला माझी दया आली असावी. "पण काका, बारा दिवस तुम्ही आत केलंत तरी काय? ती खोली तर अर्ध्या मिनिटाची आहे."

मी वहीतून वाचून दाखवले. पहारेकऱ्यांचा डाव. बूट कुणाचा. आणि शेवटी: "म्हातारीजवळ चाळीस मिनिटं न हलता उभं राहिलं, की ती वर बघते आणि आपल्याला बसायला स्टूल देते."

"स्टूल? कुठलं स्टूल?"

"टेबलाखालचं."

"काका, मी दोनदा संपवलाय. माझ्या मित्रांनी पाच-पाचदा. ती बाई एक अक्षर बोलत नाही."

माझ्या शब्दावर विश्वास बसेना, तेव्हा खेळ लावला गेला. म्हातारीसमोर उभे राहून सूनबाईने हात बाजूला घेतले. त्रेचाळीस माणसे एका बाईला सलगमे सोलताना पाहू लागली. दहा मिनिटांनी कुणीतरी जांभई दिली, त्याला गप्प केले. वीस मिनिटांनी मला दरदरून घाम फुटला. मी स्वप्नात तर पाहिले नव्हते? या वयात होते असे. पस्तिसाव्या मिनिटाला चेअरमन स्वतःची नाडी पाहत होते.

मग म्हातारीने सुरी खाली ठेवली. वर पाहिले. सूनबाईने मराठीत सांगितले ते असे: "अजून इथंच? बरं, बस मग." स्टूल सरकले. आपली नजर खाली आली, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. "त्या दारावरची पाटी मीच लिहिली. माझा मुलगा मला न विचारता गेला. तूही जाशीलच. पण निदान विचारलंस." आणि ती पुन्हा सोलू लागली.

लिफ्टवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम उसळून म्हणाला, "म्हणजे सरळ रेषेतही कोपरे आहेत! मग सांगायला नको का, इथं कोपरा आहे म्हणून?"

"सांगितला तर कोपरा कसला!" सूनबाई ओरडली, आणि वाद पुन्हा पेटला, पहिल्यापेक्षा मोठा. दोन्हीकडून मागणी आली की अध्यक्षांनी निर्णय द्यावा: सरळ वाटेचा खेळ श्रेष्ठ की नाही?

मी उठलो. "मला निर्णय देता येणार नाही," मी म्हणालो. "माझं फक्त पहिलं प्रकरण वाचून झालंय. मी पुस्तक पुरं करीन, मग बोलेन. तोवर सभा तहकूब."

चेअरमन पुढे आले. ते गोड बोलतात. त्याचीच मला धास्ती वाटते. "छान झाला कार्यक्रम. पण कलमात 'रहिवासी' असा शब्द आहे. त्रेचाळीसमध्ये रहिवासी किती, सेक्रेटरी?"

पोटकलमांनी वहीवरून बोट फिरवले. "तेरा."

"म्हणजे पंधरापेक्षा कमी. तिसरा महिना. काका, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारी माणसं येतील कपाटं हलवायला."

मी मान हलवली. खरे तर काही बोलायला हवे होते, आणि पुढे दोन दिवसांनी मला काय बोलायचे ते सुचलेही. पण त्या क्षणी पोटकलमच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. हातात चार घडीचा कागद होता.

"सभा तहकूब झाली, त्यामुळे माझं भाषण राहिलं," ते म्हणाले. "मी सरळ वाटेच्या बाजूनं बोलणार होतो. सात मुद्दे काढले होते. नियमावलीही पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत एकाच रस्त्यानं वाचायची असते. कुठूनही घुसलं की घोटाळे होतात, तो माझा पहिला मुद्दा." त्यांनी कागद खिशात घातला आणि नियमावली काढली. "तहकूब सभेचं कामकाज पूर्ण होईपर्यंत सभास्थानाच्या वापरात बदल करता येत नाही. सव्वीस, पोटकलम तीन."

"म्हणजे खोली कधी मिळणार?"

"अध्यक्ष खेळ पुरा करतील आणि निर्णय देतील तेव्हा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. एका माणसाच्या मंदपणावर इतक्या लोकांनी इतकी आशा ठेवल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी माझे जाहीर वाचन सुरू झाले. मी दार ढकलले. बोगद्यात गेलो. पहिल्या जनावराने मला खाल्ले, दुसऱ्यानेही. खेळणारी मंडळी खूश होती. "सावकाश, काका! ते पत्र वाचा ना. पुन्हा वाचा. मागं एक खोली राहिली!" जे लोक पूर्वी आठ तासांत खेळ संपवल्याची फुशारकी मारत, ते मला भिंतीवरची ओल दाखवू लागले. लिफ्टवाल्याने आठव्या रविवारी कबूल केले की पाणी ठिबकण्याचा आवाज प्रत्येक मजल्यावर वेगळा आहे आणि त्याला तो आता ओळखता येतो. "तरी रस्ता एकच आहे, हे माझं मत कायम," तो म्हणाला.

चेअरमन घाईत होते, म्हणून ते मला शिकवू लागले. रोज सकाळी सात वाजता वाचनालयात हजर. "काका, खांदे सैल सोडा. श्वास बाहेर. आता दाबा. अहो, डोळे का मिटता?" त्यांनी माझ्याकडून मनगटाचे व्यायाम करून घेतले. तीन महिन्यांत माझा नेम बसू लागला. एका सकाळी मी पुराच्या मजल्यावर तीन जनावरे ओळीने पाडली, तेव्हा चेअरमन इतक्या जोरात ओरडले की पोटकलमांना त्यांच्याही नावे लेखी विचारणा काढावी लागली.

आता खरे सांगायचे तर अडचण चेअरमनची नव्हती, माझी होती. मला खेळ आवडू लागला होता. आयुष्यात मी एकही पुस्तक शेवटच्या प्रकरणाआधी ठेवलेले नाही. रटाळ होती तीदेखील नाही. आणि इथे मी शेवटच्या शिडीशी येऊन उभा होतो. वरून झरोक्यातून करडा उजेड येत होता. सूनबाई म्हणाली, "बाबा, पंधरा मिनिटं राहिलीत फक्त. आता इथंच थांबा." सगळे म्हणाले, थांबा. पाच रविवार मी त्या शिडीखाली उभा राहिलो. वाचनालय वाचवायचे तर न वाचता राहायचे, असा तो प्रकार.

एका गुरुवारी दुपारी वाचनालयात कुणी नव्हते. मी कपाटांवरची धूळ झटकली. तक्ते सरळ केले. नंतर यंत्र सुरू करून बसलो, फक्त पाण्याचा आवाज ऐकायला. पंधरा मिनिटांनी मी ते बंद केले, फडके पुन्हा हातात घेतले आणि झटकलेलीच कपाटे पुन्हा झटकली. घरी गेल्यावर सौ.नी विचारले, "डोळे का लाल झालेत?" मी म्हटले, धूळ.

रविवारी सूनबाईने यंत्र लावले. पडद्यावर माझ्या नावाशेजारी एक छोटा सोनेरी कंदील उगवला होता. पूर्वी तो नव्हता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, पण खोलीतल्या झाडून सगळ्या खेळणाऱ्यांना माहीत होता. ज्याने शेवट पाहिला त्याच्याच नावाशेजारी तो येतो. अडतीस माणसे एकदम छताकडे पाहू लागली. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा काढला. लिफ्टवाला खोकला आणि खोकतच राहिला.

पोटकलम उठले. शांतपणे पडद्यापाशी गेले आणि हजेरीची जाड वही त्यांनी पडद्याच्या नेमक्या त्या कोपऱ्याला टेकवून उभी केली. "उजेड डोळ्यांवर येतो," ते म्हणाले. मग दुसरी वही उघडून, "अध्यक्ष, खेळ कुठवर आला?"

मला खोटे बोलता येत नाही. खरे बोलायलाही मला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चेअरमन दारातून आत आले होते. त्यांची नजर चांगली आहे. वहीच्या कडेवरून सोनेरी टोक दिसत होते. ते पाहत राहिले. वाचनालयाची लांबी घेतली होती त्या भिंतीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"शिडीवर नेम अजून कच्चा आहे काकांचा," ते म्हणाले आणि विश्वकोशाच्या चौथ्या खंडावर बसले. "वेळ लागेल."

पोटकलमांनी तसे लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सुवाच्य अक्षरात सही केली. चर्चा सुरू झाली. पोटकलम आता त्यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर आहेत.

ती शिडी चढून गेल्यावर वर काय दिसते, असे मला बरेच जण खाजगीत विचारतात. तुम्ही तरी विचारू नका. सभा अजून तहकूब आहे.